टिपणीस सर गप्प बसायला शिकतात

टिपणीस सरांसमोर कुणी चुकून जरी म्हणालं, "सर, जरा अडचण आहे," तरी सरांचा चेहरा असा फुलायचा की समोरच्याला वाटावं, आपण पेढे घेऊन आलोय. खुर्ची पुढे ओढायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, शर्टाच्या खिशातून रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढायचे आणि विचारायचे, "अडचण नेमकी कोणाची?" माणूस बावचळायचा. तो बिचारा एवढंच विचारायला आलेला असायचा की सर, तुमच्या ओळखीचा कुणी प्लंबर आहे का. बऱ्याच वेळाने तो केबिनमधून बाहेर यायचा तेव्हा त्याच्या हातात गुलाबी, पिवळ्या, हिरव्या चिठ्ठ्या असायच्या आणि प्लंबरचा नंबर शेवटी मीच द्यायचे.

सर जाऊन आता वर्ष होत आलं. नौपाड्यातल्या ज्या मॅनेजमेंटच्या संस्थेत ते शिकवायचे, तिथलं ऑफिस मी सांभाळायचे. म्हणजे फी घेणं, दाखले देणं, पोरांवर ओरडणं आणि उरलेल्या वेळात सरांना सांभाळणं. हे शेवटचं काम माझ्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं नव्हतं, पण पगार मला त्याचाच मिळायचा असं मी आजही म्हणते.

सरांचा विषय होता सर्जनशील समस्या-निवारण. त्यात त्यांनी डॉक्टरेट केलेली, जाडजूड पुस्तकं लिहिलेली, परदेशात जाऊन भाषणं दिलेली. माणूस कुठे अडला की नवं उत्तर शोधतो कसा, आणि बहुतेक वेळा शोधतच का नाही, यावर या गृहस्थाने उभं आयुष्य घालवलं. मला सुरुवातीला वाटायचं, हा काय विषय झाला? आमच्याकडे अडचण आली की आधी बोंब मारायची, मग शेजारच्यांना विचारायचं, मग नशिबाला दोष द्यायचा. त्यात शिकवायचंय काय? एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. सर खूश झाले. "कुंदाताई, तुम्ही तीन टप्पे सांगितलेत," म्हणाले आणि लिहूनच घेतलं! पुढे कुठल्याशा भाषणात ते माझ्या नावासकट वापरलंही. अशा माणसावर चिडायचं तरी कसं?

संस्थेने त्यांना जिन्याजवळची एक खोली दिली तेव्हा सरांनी हट्टाने मराठीत पाटी करून घेतली. आता पेंटरला 'सर्जनशील' हा शब्द काही झेपला नाही. त्याने तो वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत उरकला आणि खाली हे ठळक, लाल रंगात लिहिलं: समस्या-निवारण केंद्र. झालं! आपल्याकडे रिक्षांच्या पाठीमागे नि खांबाखांबांवर त्या बाबा लोकांच्या जाहिराती असतातच. प्रेमात अपयश, नवरा-बायकोत बेबनाव, एका फोनवर इलाज. लोकांनी टिपणीस सरांना त्याच रांगेत बसवलं.

पहिल्या बाई आल्या त्या नारळ, दोन लिंबं आणि सुनेचा फोटो घेऊन. मी तोंड उघडायच्या आत सरांनी त्यांना आत बोलावलेलं. बाईंचं म्हणणं, सून माझ्या हातचं जेवत नाही, रोज बाहेरून मागवते, काहीतरी करा. सरांनी विचारलं, "अडचण नेमकी कोणाची?"

"माझीच की! तिला काय, ती मस्त नूडल्स खाते."

"उत्तम. आता मला पाच-सहा वेडपट उत्तरं सांगा. शहाणं एकही नको."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे सांगा, हे असंच असतं. मग बाईंनी सुरू केलं. सुनेला माहेरी धाडते. "छान!" मुलाला तिच्या माहेरी धाडते. "त्याहून छान!" मीच माझ्या माहेरी जाते. "वा!" असं करता करता बाईंना जोर चढला आणि त्या म्हणाल्या, "नाहीतर तिलाच करू दे ना रोज स्वयंपाक, मी ऐटीत बसून नावं ठेवते!" आणि एकदम थांबल्या. मग जे हसत सुटल्या ते थेट जिना उतरेपर्यंत. नारळ तसाच टेबलावर राहिला. लिंबांचं सरांनी सगळ्या ऑफिसला सरबत पाजलं.

त्यानंतर त्या बाईंनी आपल्या भिशीतल्या सगळ्या बायका पाठवल्या. शेवटी मला पाटीखाली कागद चिकटवावा लागला, 'येथे भविष्य सांगितले जात नाही'. तरी लोक यायचेच. म्हणायचे, भविष्य नकोय हो, नुसते उपाय द्या.

सरांचा एक नियम होता: डोक्यात येणारं पहिलं उत्तर फेकून द्यायचं. ते आपलं नसतं, सगळ्यांचंच असतं, असं त्यांचं मत. वर्गात हे ठीक आहे हो, पण सर हा नियम हॉटेलातही पाळायचे. वेटर समोर आला की सरांच्या मनात मिसळ यायची. मग ती रद्द. मग सर विचार करत बसायचे, वेटर दोन टेबलं फिरून यायचा, आणि शेवटी सर काहीतरी भलतंच मागवायचे आणि माझ्या मिसळीकडे बघत खायचे. दुकानात गेले तर पहिला आवडलेला शर्ट कधी घेतला नाही. त्यांच्या अंगावरचे शर्ट बघून ते कळायचंच.

त्यांच्या बायकोने, म्हणजे नलूताईंनी, मला पहिल्या भेटीतच सांगितलं, "अहो, मी यांना सांगून आलेली दुसरी मुलगी. पहिली पसंत पडलेली यांना, पण पद्धत म्हणून नकार दिला."

"मग तुम्हाला काय वाटलं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय? त्या पहिलीचं नशीब चांगलं, एवढंच वाटतं." असं म्हणून नलूताई खळखळून हसल्या. सर तिथेच बसलेले. तेही हसले. त्या घरात हसण्याची कधी टंचाई नव्हती, हे सांगायलाच हवं. नलूताई त्यांना भाजीला पाठवत नसत, कारण मेथी सांगितली तर सर मेथीचे पर्याय घेऊन यायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलं तर शिट्टी या कल्पनेवरच बोलत राहायचे आणि भाताची खीर व्हायची. पण त्यांनी सरांना कधी तोडून बोललेलं मी ऐकलं नाही.

पोरं मात्र सरांवर जीव टाकायची. परीक्षेत ते हमखास एक प्रश्न घालायचे, 'या प्रश्नपत्रिकेतला सर्वांत वाईट प्रश्न निवडा आणि तो सुधारून त्याचे उत्तर लिहा.' बाहेरून आलेले परीक्षक डोक्याला हात लावायचे. एका मुलाने हाच प्रश्न सर्वांत वाईट म्हणून निवडला. सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले, वर त्याला चहा पाजायला घेऊन गेले.

वागळे इस्टेटमधली गोष्ट तर आमच्या ऑफिसात वर्षानुवर्षं चघळली गेली. तिथल्या एका कारखान्यात पंप की पंपाचे भाग बनायचे, आणि माल फार खराब निघायचा. मालकाने सरांना बोलावलं. सरांची एक लाडकी युक्ती होती, प्रश्न उलटा करायचा. माल सुधारायचा कसा असं विचारलं की माणसं मुकी होतात, माल आणखी बिघडवायचा कसा असं विचारलं की सगळे तोंड उघडतात. तसंच झालं. कामगार, सुपरवायझर, स्टोअरवाले, सगळ्यांना ऊत आला. मोजायचं यंत्र न पुसताच वापरा. पाळी बदलताना एकमेकांशी बोलू नका. जेवायच्या सुट्टीआधी घाई करा. सरांनी ते सगळं या मोठ्या तक्त्यावर लिहिलं, वर मथळा दिला, 'माल बिघडवण्याचे उत्तम उपाय', आणि दुसऱ्या दिवशी ते उपाय उलटे करू म्हणून तक्ता भिंतीवर तसाच ठेवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सर पोचायच्या आधी, माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला आली. ती थेट त्या तक्त्यासमोर!

मालकाचा फोन मीच घेतला. काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी म्हटलं, आता गेला आपला माणूस. सर मात्र संध्याकाळी शीळ घालत परत आले. म्हणे, तपासणीवाल्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग तक्ता नीट वाचला, मग त्यांच्यातल्या एकाने पेन काढून खाली आणखी एक उपाय लिहिला. 'ग्राहकाला खरं सांगू नका.' त्यावर मालकाचा चेहरा उतरला आणि मग सगळेच हसले आणि कामाला लागले. "अर्ध्याहून जास्त गोष्टी तर आधीपासूनच चालू होत्या हो तिथे," सर म्हणाले. "उलटं लिहिल्याशिवाय दिसल्या नाहीत." नंतर त्या कारखान्याकडून दर दिवाळीला मिठाई यायची. त्यातही सर पहिला डबा सोडून दुसरा उघडायचे.

असा हा माणूस. जगाच्या अडचणी सोडवायचा, हसत सोडवायचा. आणि त्याची एकुलती एक मुलगी त्याच्याशी बोलत नव्हती.

मुग्धाचं लग्न ठरलेलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, डोंबिवलीतला हॉल घेतलेला, साड्यांना नलूताईंनी मॅचिंग फॉल-पिको करून आणलेलं. एका शनिवारी दुपारी सरांचा फोन आला, "कुंदाताई, जरा घरी येता का? आणि येताना स्केचपेनं घेऊन या, जाड टोकाची." मला वाटलं, रुखवताचं काहीतरी असेल. मी आनंदाने गेले. वाटेत गोंडेसुद्धा घेतले.

दार उघडलं तर घरात सुतकाची कळा. मुग्धा सोफ्यावर बसलेली, बाहेरून आल्यावर पायातल्या चपला काढायचंही भान नव्हतं तिला. डोळे सुजलेले. नलूताई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला ओढणी लावून उभ्या. आणि समोरच्या भिंतीवर, माझ्या डोळ्यांदेखत, सरांनी तक्ता लावलेला. वर लिहिलेलं, 'समस्या: लग्न मोडले.' मुलाने त्याच सकाळी फोन करून सांगितलेलं, मला जमणार नाही.

"या कुंदाताई," सर म्हणाले. आवाज वर्गातला. "आपण आत्ता फक्त पर्याय गोळा करतोय. टीका करायची नाही. मुद्दा एक, हॉल आपल्याकडे आहे. त्या दिवशी त्या हॉलमध्ये आणखी काय काय होऊ शकतं?" आणि त्यांनी स्वतःच एक गुलाबी चिठ्ठी लिहून लावली, 'रक्तदान शिबिर'.

मी गोंडे पर्समध्ये कोंबले.

मुग्धा उठली. तिने टेबलावरची एक पिवळी चिठ्ठी घेतली, माझ्या हातातलं पेन घेतलं, काहीतरी लिहिलं आणि जाऊन तक्त्यावर मधोमध चिकटवलं. 'बाबा, गप्प बसा.'

सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वाचलं. आणि देवा, काय म्हणाले असतील? म्हणाले, "छान! धाडसी पर्याय आहे. यावरून पुढचा काही सुचतोय का बघ."

मुग्धा आत गेली आणि दार लावलं. त्यानंतर काही दिवसांतच ती घराबाहेर पडली. कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी होतीच, टिटवाळ्याला नव्या इमारतीत छोटा फ्लॅट घेतला आणि एकटी राहायला लागली. भांडण म्हणाल तर नाही. रोज संध्याकाळी घरी फोन करायची. सरांनी उचलला तर विचारायची, जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, आई आहे का. मग नलूताई फोन घेऊन गॅलरीत जायच्या आणि तिथे तासभर खुसखुस चालायची. सर आत बसून वर्तमानपत्राचं तेच पान धरून ठेवायचे. हे मला नलूताईंनीच सांगितलेलं. अशी वर्षं गेली. सर मधूनच ऑफिसात मला म्हणायचे, "काल मुग्धा माझ्याशी बरंच बोलली."

"हो? काय म्हणाली?"

"गोळ्या घेतल्यात का विचारलंन."

मी फायली चाळायचे.

एकदा सर सकाळी आले ते केबिनमध्ये न जाता माझ्या टेबलासमोर बसले. कपाळावर चष्मा नाही, हातात चिठ्ठ्या नाहीत. म्हणाले, "कुंदाताई, जरा अडचण आहे."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नेमकी कोणाची?"

"माझी," सर म्हणाले.

मुग्धाला डेंग्यू होऊन गेलेला. चांगली हॉस्पिटलात होती. नलूताई 'बहिणीकडे जाते' सांगून तिच्या उशाशी राहून आलेल्या. सरांना कळलं ते ती बरी होऊन कामावर गेल्यावर. "बापाला का नाही सांगितलं म्हणून हिला विचारलं," सर म्हणाले. "तर ही म्हणाली, मुग्धाच नको म्हणाली. बाबा डासांवर तक्ता करतील म्हणाली." आणि सर हसायला गेले, पण त्यांना ते जमलं नाही. "मी काल रात्री प्रश्न उलटा करून बघितला हो. मुलीने बापाशी कधीही मोकळेपणी बोलू नये, यासाठी बापाने काय काय करावं? जे जे सुचलं, ते सगळं मी करून बसलोय. एकही सुटलेलं नाही."

त्या माणसाला असं बघवेना मला. मी म्हटलं, "सर, तुम्हाला राग येणार नसेल तर सांगते. पोरगी रडत येते तेव्हा तिला उत्तर नको असतं. अरेरे म्हणायचं. हो का म्हणायचं. मग, म्हणायचं. बास."

"आणि मग उपाय?"

"उपाय नाही."

"अजिबात नाही?"

"सर!"

सरांनी लगेच शिकवणी लावली. रोज जेवणानंतर मी माझी एक अडचण सांगायची आणि सरांनी नुसतं ऐकायचं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आमचा गिझर बिघडलाय. सर म्हणाले, "अरेरे." मी म्हटलं, शाबास. सर म्हणाले, "पण थर्मोस्टॅट..." मी टेबलावर पट्टी आपटली. दुसऱ्या दिवशी माझ्या जाऊबाईंचं गाऱ्हाणं सांगितलं. सरांनी ओठ घट्ट मिटलेले, हात मांड्यांखाली दाबलेले, कपाळावर घाम. शेवटी असह्य होऊन म्हणाले, "कुंदाताई, मला फक्त एकच चिठ्ठी लिहू द्या, तुम्हाला दाखवणार नाही."

पुढे पुढे जमायला लागलं, पण मग ते कुठेही वापरायला लागले. शिपायाने मुलगा पास झाल्याचे पेढे दिले तर सर म्हणाले, "अरेरे!" शिपाई तोंडात मारल्यासारखा उभा. एकदा आमचे संचालक केबिनमध्ये सरांना झापायला गेले, परीक्षेच्या त्या प्रश्नावरून. सर म्हणाले, अरेरे. मग म्हणाले, हो का. मग म्हणाले, मग? बराच वेळ संचालक बाहेर येईनात. आले तेव्हा डोळे पुसत होते. त्यांच्या घरातलं सगळं, आजारी आई, भावांची कटकट, सगळं सांगून मोकळे झालेले. सर माझ्याकडे धावत आले. "कुंदाताई, मी काहीच केलं नाही हो! त्यांना स्वतःलाच उत्तर सापडलं! यावर एक पेपर..."

"पेपर लिहिलात तर राजीनामा देईन," मी म्हटलं.

मी नुकतीच निवृत्त झालेले. नलूताईंनी टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं काढलं, मलाही बोलावलं, आणि आधी मुग्धाकडे चहा घेऊन मग देवळात असा बेत ठरवला. बेत कशासाठी ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. कल्याणला गाडी बदलताना सर पुटपुटत होते. मला वाटलं अथर्वशीर्ष असेल. जवळ कान नेला तर, "अरेरे, हो का, मग."

मुग्धाने दार उघडलं. छान दिसत होती, जरा वाळलेली. आम्हाला बसवलं, सरांना विचारलं, गोळ्या घेतल्यात का, आणि नलूताईंना घेऊन आत चहा करायला गेली. छोटं घर, आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. मुग्धा सांगत होती, पाणी दिवसाआड येतंय गं, लिफ्ट बंद, सोसायटीत कुणी ऐकत नाही.

बाहेरून सर जोरात म्हणाले, "अरेरे!"

आत कुणीतरी गॅस बारीक केला. मग मुग्धाचा आवाज, "बाबांना बरं नाहीये का?"

चहा आला. मुग्धा लॅबमधल्या दगदगीबद्दल आईलाच सांगत होती. सर म्हणाले, "हो का?" थोड्या वेळाने, भलत्याच ठिकाणी, म्हणाले, "मग?" मुग्धाने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग बापाकडे. पॅथॉलॉजीवाली पोरगी ती, तिला रोग ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"बाबा, हे नवीन काय शिकलात? बंद करा नाटक. मला तुमच्या प्रयोगात घेऊ नका परत."

मी मनात म्हटलं, संपलं. एवढ्या दिवसांची शिकवणी पाण्यात गेली. सर काहीतरी सुचेल म्हणून खिशाकडे हात नेतील असं मला वाटलं. त्यांनी नेला नाही.

"नाटकच आहे गं," ते म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. "मला येत नाही. शिकतोय, पण येत नाही. त्या दिवशी तू दारातून आलीस ना, तुझं तोंड बघितलं आणि मी घाबरलो. तू लहानपणी पडलीस तरी मी इतका घाबरलो नव्हतो. काय करावं कळेना. मला एवढा एक तक्ता लावता येतो, म्हणून तो लावला. तुझ्यासाठी नव्हता तो. माझे हात कापत होते, त्यांना काहीतरी काम हवं होतं."

मुग्धाचा चेहरा लाल झाला, मग हनुवटी थरथरायला लागली. "मग तसं सांगायचं ना, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला काही वाटलंच नाही. मला वाटलं, तुम्हाला हॉलचंच पडलंय." आणि एवढ्या वर्षांचं तिचं धरण फुटलं. "मी इथे एकटी पडलेय हो बाबा. तापात उठून पाणी घ्यायलाही जमत नव्हतं, आणि मला तुमचीच आठवण येत होती आणि तुम्हाला सांगायचंही नव्हतं."

नलूताईंनी माझा दंड धरला. "चला, देवळात जाऊन येऊ," म्हणाल्या. चपला कशाबशा घातल्या आम्ही. गणपतीसमोर नलूताईंनी काय मागितलं माहीत नाही, बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. मी तर सरळ सांगितलं, बाप्पा, त्या माणसाला आणखी थोडा वेळ गप्प ठेव, एवढंच कर.

परत आलो तेव्हा दिवे लागलेले. मुग्धाचं दार लोटलेलं होतं, मी हळूच ढकललं. त्या दिवसानंतर सरांशी माझं फोनवर बोलणं झालं, पण भेट अशी नाहीच झाली, म्हणून ते दिसलं तसं सांगते. गुडघ्यांनी बेजार माणूस, पण खाली फरशीवर बसलेला. समोर मुग्धा, कपाटाला टेकून, पाय पसरून. ती बोलत होती. मधे नाक पुसत होती, मधेच हसत होती, हातवारे करत होती, त्या लग्न मोडणाऱ्या मुलाची नक्कलही केलीन एकदा. चहाचे कप तसेच पडलेले, वर साय धरलेली. सर तिच्याकडे बघत होते. अरेरे नाही, हो का नाही, काही नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. आमची चाहूल लागली तसा त्यांनी मान न वळवता एक हात पाठीमागे नेला आणि बोटांनी खुणावलं, जा, जा.

नलूताईंनी दार हळूच ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. पिशवीतून प्रसादाचा मोदक काढून अर्धा मला दिला. मी म्हटलं, "नलूताई, आपली गाडी चुकेल."

"चुकू दे हो," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा घरात त्यांचा आवाज येत नाहीये. ऐकू दे मला जरा."